चाकावर कोण बसणार

मला माझ्या बायकोचा हेवा वाटतो. तिच्या पगाराचा किंवा माणसं जोडण्याच्या हातोटीचा वाटला असता तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. मला हेवा वाटतो तो एका जुन्या जीपच्या स्टिअरिंगच्या चाकावर तिला बसायला मिळतं याचा. हे लिहून पुन्हा वाचलं तेव्हा माझं मलाच हसू आलं, पण खोडावंसं वाटलं नाही, कारण ते खरं आहे.

जीप माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. ते सांगलीकडचे. तारापूरला वीजप्रकल्पात नोकरीला म्हणून आले, कॉलनीत राहून निवृत्त झाले आणि उमरोळीला स्टेशनपासून जरा आत अंगणाचं घर बांधून राहिले. गावाकडे परत गेले नाहीत. ही जीप चालवायला तिकडे समुद्रकिनारा नाही म्हणून गेले नाहीत, असं आई म्हणायची. मनोरच्या पलीकडे डोंगरात जिथे बैलगाडीसुद्धा कुरकुरत जाते तिथे आण्णा ही जीप घेऊन जायचे, आणि ओहोटी असली की किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत. गाडीला चार चाकांची ताकद आहे, हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की ती ताकद त्यांनीच तिला खाऊ घातलेली आहे.

पुढे त्यांचा उजवा खांदा धरायला लागला. जुन्या जीपचं चाक वळवणं म्हणजे जातं ओढण्यासारखं काम. गाडी विकतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी हायवेवरच्या एका भंगारवाल्याकडून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची पॉवर स्टिअरिंग आणली आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याला गाठून ती जीपमध्ये बसवून घेतली. चाक एका बोटानं फिरायला लागलं. पण उसनं आणलेलं सामान ते, त्याची मधूनमधून काही ना काही कुरबुर असायचीच. मुख्य कुरबुर हवेची. स्टिअरिंगच्या तेलात कुठून तरी हवा शिरायची, मग वळण घेताना बोनेटखालून कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि चाक मध्येच जड, मध्येच हलकं व्हायचं.

ही हवा काढायला दोन माणसं लागतात. गाडीचं तोंड जॅकवर उचलायचं, खाली लाकडाचे ठोकळे लावायचे, म्हणजे पुढचे टायर अधांतरी राहतात. इंजिन बंदच ठेवायचं. एकानं सीटवर बसून चाक अगदी सावकाश डावीकडे शेवटपर्यंत न्यायचं, मग तसंच सावकाश उजवीकडे शेवटपर्यंत. दुसऱ्यानं बोनेट उघडून तेलाच्या छोट्या टाकीत बघत उभं राहायचं. बुडबुडे वर आले की थांबायचं, ते फुटू द्यायचे, तेल खाली गेलं असेल तर वरून घालायचं आणि पुन्हा सुरू करायचं. घाई केली की तेलाचा फेस होतो, पांढरा, ताकासारखा. मग तो बसेपर्यंत हात बांधून उभं राहण्याखेरीज काही करता येत नाही.

कॉलेजात होतो तेव्हा पहिल्यांदा आण्णांनी मला चाकावर बसवलं. मी खूश. ते बोनेटमागून म्हणाले, "डावं", आणि मी फिरवलं ते खाडकन शेवटापर्यंत जाऊन आदळलं. "सावकाश की लेका!" पुन्हा उजवीकडे, पुन्हा खाडकन. तरुण होतो, चाक हलकं लागत होतं, आणि सावकाश म्हणजे किती सावकाश ते त्यांनी सांगितलं नव्हतं. टाकीत फेस झाला. आण्णा बोनेटमागून बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उतर. तुझ्या हाताला धीर न्हाई."

मी उतरलो. त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही आणि मीही कधी गेलो नाही. शेजारचा कुणी, कॉलनीतला जुना सहकारी, कधी गॅरेजवाला, असा कुणीही त्या चाकावर बसायचा. मी सोडून. एरवी आमच्यात भांडण नव्हतं. आमच्यात बोलणंच फारसं नव्हतं. आई होती तोवर ते कळायचं नाही. "आण्णा विचारतायत, उद्या सुट्टी आहे का", "तुझ्या मुलाला सांग, मी कोळगावला जिल्हा कचेरीत जाऊन येतोय", असा सगळा व्यवहार तिच्यामार्फत चालायचा. ती गेली आणि घरात दोन माणसं एकमेकांना चहा झाला का एवढंच विचारत राहिली.

मग माझं लग्न झालं.

बायको किनाऱ्यावरच्या गावातली, मच्छीमारांच्या घरातली. पालघरला शाळेत शिकवते. तिच्या वडिलांची स्वतःची बोट आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यानंतर जीप कण्हायला लागली. त्या रविवारी आण्णा अंगणात ठोकळे लावत होते आणि शेजारचा नेमका गावाला गेला होता. मी दारात उभा होतो, मुद्दाम जरा दिसेल असा. आण्णांनी इकडे तिकडे बघितलं, माझ्या अंगावरून नजर पुढे नेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हाक मारली, "पोरी, जरा येतीस का? चाकावर बसाय पायजे कुणीतरी."

ती हात पुसत आली. सीटवर चढताना मला म्हणाली, "आमच्याकडं बायांना सुकाणूला हात लावून देत नाय, माहितीय? बाय माणूस मासेमारीला जातच नाय. लहान होते तवा बापाला किती वेळा सांगितलं, नुसतं बंदरात धरू दे. नाय म्हणजे नाय." आणि दोन्ही हातांनी चाक असं धरलं की जणू ते पळून जाणार आहे.

आण्णा म्हणाले, "डावं." तिनं फिरवलं. मी बघत होतो. चाक हललं की नाही ते कळू नये इतकं सावकाश. शेवट जवळ आला तसा तिचा हात आपोआप मंद झाला आणि चाक टोकाला जाऊन नुसतं टेकलं. बोनेटमागून आण्णांचा आवाज आला, "वा!"

वा! उभ्या आयुष्यात मला त्यांनी वा म्हटलेलं नाही. बोर्डात चांगले मार्क पडले तेव्हा "ठीक" म्हणाले होते. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत पूर्ण थांबलेलं नाही.

त्या दिवसापासून ते तिचं काम झालं. आणि गंमत अशी की गाडीत हवा पूर्वी वर्षाकाठी एखाद्या वेळी व्हायची, ती आता सारखी व्हायला लागली. दर एक-दोन रविवारांनी आण्णा सकाळी जीप फाटकापर्यंत नेऊन आणत, कान देत आणि जाहीर करत, "हवा धरलीया." लगेच ही साडीचा पदर खोचून तयार. अंगणात जीपचं तोंड वर, बोनेट उघडं, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते, आणि मी वर गॅलरीत. मला तेव्हा कपडे वाळत घालायची फार आवड निर्माण झाली. एकेक रुमाल मी चार वेळा झटकायचो. खालून आण्णांचा आवाज यायचा, "डावं... थांब." मग पुढचे बुडबुडे फुटेपर्यंत दोघांचं बोलणं. शब्द कळायचे नाहीत. फक्त कळायचं की आण्णा बोलतायत. लांबलचक वाक्यं. माझ्या वडिलांना लांबलचक वाक्यं येतात हे मला वयाच्या या टप्प्यावर गॅलरीतून कळत होतं. मध्येच ती हसायची. मध्येच तेही हसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"काय एवढं बोलता?" मी एकदा तिला विचारलं.

"काय नाय. हवेचं."

"हवेचं एवढं काय असतं बोलण्यासारखं?"

"तुमी येऊन ऐका की," ती म्हणाली. "अंगण काय लांब हाय?"

हे तिचं बोलणं मला झोंबलं. मी कसा जाणार? न बोलावता? मी तिला म्हणालो की तुला चाक धरायला मिळतं म्हणून फार चढून बसलीयेस. ती म्हणाली, चढल्याशिवाय बसता कसं येईल, जीप उंच आहे. आणि हसत गेली. तिच्याशी भांडण करायचं तर ती भांडणात कधी पुरती उतरतच नाही, हाही माझा एक जुना राग आहे.

मग मी ठरवलं की हे प्रकरण मुळापासून बंद करायचं. मी बोईसरला एका केमिकल कंपनीत आहे. दिवसभर पंप, पाईप, व्हॉल्व्ह यांच्यात असतो. वरचेवर हवा होते म्हणजे कुठून तरी शिरत असणार एवढं मला कळतं. आण्णा दुपारी आडवे झाले असताना मी बोनेट उघडलं. टाकीतून पंपाकडे जाणारा रबरी पाईप टोकाला कडक होऊन तडकला होता आणि त्याची क्लिप सैल होती, हातानं फिरत होती. तिथून तेलाचा थेंबही गळत नव्हता, कारण तिथे पंप ओढून घेतो. तेल बाहेर येत नाही, हवा तेवढी आत जाते. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं. पण आण्णा काही बाहेरून बघणारे नव्हते. इतक्या वेळा त्या टाकीवर वाकून उभ्या राहिलेल्या माणसाला ही क्लिप दिसली नाही, यावर माझा विश्वास बसेना.

तरी मी बोईसरच्या बाजारातून पाईप आणला. चांगल्यातला. दुकानदारानं गाडी कोणती विचारली, मी सांगितली, तर म्हणाला, "अरे साहब, अभी तक चलती है?" दोन नव्या क्लिपाही घेतल्या. घरी येऊन आण्णांसमोर टेबलावर ठेवलं. म्हणालो, "हा बसवला की पुन्हा हवा होणार नाही." बोलताना मी बायकोकडे बघत होतो. तिचं तोंड कसं पडतं ते मला बघायचं होतं.

तिचं तोंड काही पडलं नाही. ती आण्णांकडे बघत होती. आण्णांनी पाईप हातात घेतला, वाकवून बघितला, वास घेतला. "चांगला हाय," म्हणाले. मग उठले, स्टूल ओढलं आणि पाईप माळ्यावर ठेवून दिला. "बगू कधीतरी."

मी त्या दिवशी जेवलो नाही. तिच्याबरोबरचे रविवार त्यांना माझ्या पाईपापेक्षा प्यारे आहेत, हे आता त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, असं मला वाटलं. सुनेचं कौतुक करावं, मी कुठे नको म्हणतो. पण मुलगा घरात असताना त्याला ओलांडून करायचं?

पुढच्या रविवारी पुन्हा हवा. मी गॅलरीत न जाता हट्टानं खाली ओट्यावर पेपर घेऊन बसलो. बसायला मिळणार नाही तर निदान ऐकायला तरी मिळेल, असा हिशेब. ती चाकावर बसली होती, बोनेट वर होतं. आण्णा तेलाचा डबा आणायला अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये गेले होते. तेवढ्यात फाटकाशी तिची मावशी आली, गावाहून, डोक्यावर टोपली. बोंबील आणले होते. ही जीपमधून उतरली आणि जाता जाता माझ्याकडे बघून मानेनं सीटकडे खूण केली. खूण म्हणजे मान हलली एवढंच. मी नंतर तिला विचारलं तर म्हणाली, मी कशाला खूण करू, केस मागे टाकत होते.

मी पेपर ठेवला आणि जाऊन सीटवर बसलो. का, ते मला सांगता येणार नाही. सीट तिच्या बसण्यानं गरम होती, आणि त्याचाही मला राग आला.

आण्णा शेडमधून गाडीच्या तोंडाच्या बाजूनं आले. मधे बोनेट उभं होतं. मला त्यांचे फक्त हात दिसत होते, खालच्या फटीतून, बोटं आणि सदऱ्याच्या बाह्या. त्यांना माझं काहीच दिसत नसणार. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"हं. डावं घे."

मी घेतलं. जन्मात इतक्या सावकाश मी काही केलं नसेल. टोकाशी चाक आदळू नये म्हणून श्वाससुद्धा धरला. ते टेकलं.

"थांब." मग आण्णांचा आवाज, लांबलचक वाक्यांचा, जो मी गॅलरीतून ऐकायचो. आता शब्द कळत होते.

"खोकला कमी आला का त्येचा? काल आंघुळीला गेला तवा लई येळ खोकत हुता. तू गेल्या येळी म्हनालीस ते झालं का, ते दुसऱ्या खात्यात बदली मागनार हुता ते? मास्क तरी लावतो का तितं, का नुस्ता गळ्यात अडकवून हिंडतो?"

मी चाक घट्ट धरून बसलो. पलीकडे फाटकाशी मावशी आणि ही बोलत होत्या. चार बोंबलांना एवढा वेळ कशाला लागतो, असं एरवी मी म्हणालो असतो.

"उजवं घे आता. सावकाश." मी घेतलं. "थांब. गप का आज? भांडलाय का परत तुज्याशी?" ते जरा हसले. "त्यो पाईप आनला त्येनं, बगितलास न्हवं? एक नंबर आनलाय. त्येला कळतंय सगळं. क्लिपसुदा त्येनं बरोबर हुडकली. पर बसवला की मग काय ऱ्हातंय? तू कशाला येतीस खाली? आन त्येचं मला कोन सांगनार? मी इचारलं की 'बरं आहे' म्हनतो. न्हानपनापासनं बरं आहे. ताप आला तरी बरं आहे."

मी चाकाकडे बघत राहिलो.

"तुला सांगतो पोरी, ह्या चाकावरनं मी त्येला एकदा उतरीवला. रागाच्या भरात. तवापासनं बसला न्हाई. म्या बोलवायचं का त्येनं आपनहून यायचं, त्येच ठरंना झालंय. तुझी सासू असती तर तिनं कवाच..."

इथे मला खोकला आला. मी बराच वेळ दाबून धरला होता, तो दाबल्यानंच जास्त आला असावा. आलाही असा की थांबेना. डोळ्यांत पाणी आलं, ते खोकल्याचं होतं असं समजायला माझी हरकत नाही.

बोनेटमागचे हात होते तिथेच राहिले. फाटकावरचं बोलणं थांबलं होतं. आता ते बाहेर येतील, माझ्याकडे बघतील आणि म्हणतील उतर, या भीतीनं मी वयानं एवढा मोठा माणूस चाक धरून तसाच बसून राहिलो.

"डावं," आण्णा म्हणाले.

मी घेतलं.

"थांब. उजवं." आवाजात काही फरक नव्हता. मग परत डावं, परत उजवं. लांबलचक वाक्यं संपली होती. पण मला खाली उतर असंही कुणी म्हणालं नाही. शेवटी टाकीचं झाकण लावल्याचा आवाज आला. मी उतरून पुढे गेलो. आण्णा फडक्यानं हात पुसत होते, एकेक बोट वेगळं. मी झाकण पुन्हा उघडून बघितलं. तेल स्वच्छ होतं. एकही बुडबुडा नव्हता.

"हवा हाय आजून," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "फुडल्या रविवारी परत बसाय लागंल."

माझ्या तोंडात 'बरं आहे' येत होतं. ते गिळलं. म्हणालो, "खोकला कमी आहे आण्णा. डॉक्टरला दाखवलं. बदलीचा अर्ज दिलाय, या महिन्यात होईल. मास्क लावतो."

ते मान हलवत राहिले, पुन्हा पुन्हा, जसं काही माझा एकेक शब्द मापून घेत होते. मग फडकं झटकून म्हणाले, "गळ्यात न्हवं ना?"

"नाही. नाकावर."

एवढंच आमचं बोलणं. दुपारी बोंबील होते, आणि आण्णांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

हेवा त्यानं गेला असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं झालेलं नाही. आता एक रविवार माझा आणि एक तिचा, अशी न ठरवता वाटणी पडली आहे. माझ्या रविवारी आण्णा कमी बोलतात. तिच्या रविवारी पूर्वीसारखंच बोलतात आणि मध्येच हसतात. त्या दिवशी मी गॅलरीत उभा राहून रुमाल झटकत असतो आणि पोटात दुखतं, पूर्वीइतकंच. फरक एवढाच की ते काय बोलतात याचा मला आता अंदाज असतो, आणि माझ्यामागे माझ्याबद्दल एवढं बोलायचं आणि समोर बसलो की डावं-उजवं, यावरून मी नव्यानं चिडतो. माझ्या रविवारी मात्र वर बघितलं तर कधी कधी ती गॅलरीत असते, तोच रुमाल हातात घेऊन. मी वर बघितलं की कपड्यांकडे बघते.

दिवाळीच्या साफसफाईला मी स्टुलावर चढून माळा आवरत होतो, ती खालून सामान घेत होती. तो पाईप हाताला लागला, क्लिपांसकट, वर धूळ. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. मग तिनं ओलं फडकं वर दिलं. मी पाईप पुसला आणि होता तिथेच परत ठेवला.